ज्याचा वाढदिवस जवळ, त्याचं मत

शिंप्याने गळाला कणकेची गोळी लावली, दोरी पाण्यात सोडली आणि मोकळ्या हाताचं बोट पाहणीला आलेल्या बाईने समोर धरलेल्या कार्डावरून हळूहळू फिरवलं. कार्डावर एका ओळीत पाच चेहरे छापलेले होते. पहिला अगदी प्रसन्न, शेवटचा कडू औषध प्यायल्यासारखा, आणि मधला ना अध्यात ना मध्यात.

“विधान परत वाचता का?” तो म्हणाला.

तिने वाचलं. शब्द तेच, सूरही तोच. “‘तळ्यात पाणमांजरं परत आली आहेत. त्यांना निवांतपणा मिळावा म्हणून हा धक्का छंदाच्या मासेमारीसाठी कायमचा बंद करावा.’ तुम्ही पूर्ण सहमत असाल तर पहिला चेहरा. अजिबात नसाल तर शेवटचा.”

“म्हणजे मीच माझ्या पायावर धोंडा मारून घ्यायचा, आणि वर हसऱ्या चेहऱ्यावर बोट ठेवायचं.”

“मी फक्त विधान वाचते.”

“पण तुम्हाला काय वाटतं?”

“मला काही वाटत नाही.”

“ऐकलंत का मास्तर? यांना काही वाटत नाही!”

पलीकडे उलट्या बादलीवर बसलेले मास्तर टपाल खात्यातून निवृत्त झालेले होते. त्यांनी पाण्यावरची नजर न काढता मान डोलावली. “वाटून कसं चालेल? सासरे टोकाला बसलेत. या विचारायला आल्या आणि धक्का बंद झाला, तर घरचा आहेरच की तो!”

दोघं हसले. तिने चेहरा हलू दिला नाही. ती वन्यजीव खात्याच्या पाहणी विभागात होती. जंगली जनावरं, शिकार, छंद म्हणून धरलेले मासे यांबद्दल लोकांना काय वाटतं, ते दारोदार जाऊन विचारायचं, हे तिचं काम. आणि त्या कामाचा पहिला नियम असा की विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर उत्तर दिसता कामा नये. तुम्ही भुवई उचललीत की समोरचा माणूस आपलं मत सोडून तुमच्या भुवईला उत्तर देऊ लागतो. या बाबतीत खात्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. एका दुकानदाराने तिला गंभीरपणे सांगितलं होतं की वस्तीत शिरणारी रानडुकरं मारायलाच हवीत, फक्त त्याच्यासमोर मारू नयेत आणि मारल्याचं त्याच्या बायकोला कळू नये. तेव्हाही तिने सरळ चेहऱ्याने विचारलं होतं, “मग यातला कोणता चेहरा?”

शिंप्याने शेवटी दुसऱ्या चेहऱ्यावर बोट टेकवलं. “सहमत. पूर्ण नाही, पण सहमत. पोरं म्हणतात, बाबा, ते पाणमांजर बघायचंय. आता पोरांपुढे काय बोलणार?”

तिने खूण केली. बोटं डावीकडे सरकत होती. गेले कित्येक दिवस ती हेच बघत होती. घराघरांतून, दुकानांतून, बाकांवरून लोकांची बोटं प्रसन्न चेहऱ्याकडे निघाली होती, आणि आता तर धक्क्यावरचीही.

धक्क्याच्या टोकाला, जिथे लाकडी फळ्या संपून लव्हाळं सुरू होतं, तिथे नाना घडीच्या स्टुलावर बसले होते. तिचे सासरे. गल्लीत त्यांना गळवाले नाना म्हणत. मागच्या आजारपणापासून त्यांचा उजवा हात थरथरायचा. चहाचा कप ओठांशी जाईतो निम्मा बशीत यायचा. शर्टाची बटणं सासूबाई लावून द्यायच्या. पण त्याच हातात गळाची काठी आली की तो हात खुंटासारखा स्थिर व्हायचा. डॉक्टर म्हणाले होते, होतं असं कुणाकुणाचं. तिने पुढे काही विचारलं नव्हतं. कामावर जाताना ती फक्त धक्क्यावरून वाट वाकडी करायची आणि लांबून तो हात बघून पुढे जायची. दिवस बरा जायचा.

“नानांचं सोडा,” निघताना शिंपी म्हणाला, “त्यांच्या हाताला यश आहे. आमचा एक लागेतो त्यांचे चार लागतात.”

शिंपी मनाने चांगला माणूस होता. नानांची टोपली हिवाळ्यापासून रोज रिकामी घरी येत होती, हे घरातल्या सगळ्यांनाच ठाऊक होतं.

*

“तुमचंच घर आलंय,” ऑफिसातल्या मोठ्या बाई म्हणाल्या आणि पत्त्यांचा कागद त्यांनी तिच्याकडे सरकवला.

तळ्याकाठच्या वस्तीतली घरं संगणक निवडायचा. कुणाची ओळख नाही, कुणाचा वशिला नाही. त्या कागदावर आपली गल्ली, आपला जिना, आपलं दार बघून तिला उगाचच दार उघडं राहिल्यासारखं वाटलं.

“बदलून शेजारचं घेऊ का?”

“घर बदलायचं नाही. एक बदललं की सगळा भात कच्चा. फक्त तुम्ही जायचं नाही. आपल्या नव्या मुलीला पाठवा. आणि ती घरात असताना तुम्ही घरात नको.” मोठ्या बाईंनी चष्मा काढला. “तुमचे सासरे मासे धरतात ना?”

“हो.”

“मग बरंच झालं की. त्यांचं म्हणणं नीट नोंदलं जाईल.”

तिलाही तसंच वाटलं, आणि तसं वाटल्याबद्दल थोडी लाजही वाटली. एका माणसाच्या बोटाने धक्का वाचत नसतो, हे तिला इतर कुणाहून जास्त माहीत होतं. पण नानांनी एकदा, एकदाच, आपल्या तोंडाने सांगितलं असतं की मला ही जागा हवी आहे, आणि ते कुठेतरी लिहिलं गेलं असतं, तर पुढे काहीही झालं तरी तिला रात्री झोप लागली असती.

घरी तिने एवढंच सांगितलं की रविवारी एक मुलगी येईल, प्रश्न विचारेल.

“कुणाला?” नानांनी विचारलं.

“ते ती आल्यावर ठरवेल.”

“ठरवायचं काय त्यात,” तिचा नवरा म्हणाला. “गळाबद्दल विचारायचं म्हणजे नानांनाच विचारणार. आईला विचारलं तर पहिला ठराव काठी मोडून चुलीत घालायचा.”

“चूल कुठे आहे आता?” सासूबाई म्हणाल्या. “नाहीतर कधीच घातली असती. लग्न करून आले तेव्हा ही बया आधीच घरात होती. दोन खिळ्यांवर आडवी पडलेली. मला वाटलं, आज ना उद्या जाईल. कसली जाते! सवत बरी, निदान कधीतरी माहेरी तरी जाते.”

नाना हसले. हा विनोद त्या घरात इतका जुना होता की तोही भिंतीवरच्या काठीसारखाच झाला होता. उचलायचा, पुसायचा, परत ठेवायचा.

सासूबाई मासे खात नसत. लग्नाआधीपासून नाही. नानांनी आणलेले मासे मात्र त्यांनी सगळा जन्म निगुतीने रांधले, वाढले, आणि स्वतः बाजूला बसून वरण जेवल्या. रोज सकाळी खिडकीच्या कट्ट्यावर पाखरांना मूठभर दाणे टाकल्याशिवाय त्यांच्या तोंडात पाण्याचा घोटही जात नसे. ताप असो, पाहुणे असोत, हा नेम कधी चुकला नाही. पूर्वी नानाही आपल्या ओंजळीतून दाणे टाकायचे. आजारपणानंतर त्यांच्या हातातले दाणे कट्ट्याऐवजी फरशीवरच जास्त पडू लागले, तेव्हा सासूबाईंनी काही न बोलता डबा एकटीनेच उचलायला सुरुवात केली. अशा बाईचं पाणमांजराबद्दल मत काय असणार, हे विचारायची गरजच नव्हती.

त्या आठवड्यात नाना संध्याकाळी गॅलरीत येरझाऱ्या घालू लागले. ओठ हलत होते. मधेच थांबायचे, एक बोट वर करायचे, परत चालू लागायचे.

“भाषण पाठ करताहेत,” नवरा कुजबुजला. “टाळ्या वाजवायला आपण लागणार.”

“गप्प बसा,” सासूबाई म्हणाल्या. त्या गॅलरीच्या दाराशी कपड्यांच्या घड्या घालत होत्या. घडी घालून झालेला टॉवेल त्यांनी उलगडला आणि परत घातला.

तिला नानांना सांगावंसं वाटत होतं की थोडक्यात बोला, ठाम बोला, मधल्या चेहऱ्यावर बोट ठेवू नका. पण ते सांगणं म्हणजे भुवई उचलण्यासारखंच होतं. तिने नुसतं विचारलं, “नाना, चहा?”

“काय गं,” सासूबाई तिच्याकडे बघत म्हणाल्या, “तो ऑफिसचा चेहरा घरी आल्यावर खुंटीला टांगत जा की. घरात सगळ्यांना घोर लागलाय आणि तू आपली घड्याळासारखी.”

*

रविवारी नानांनी इस्त्रीचा शर्ट घातला. सासूबाईंनी बटणं लावली. नवरा सकाळीच सामान आणायच्या निमित्ताने सटकला होता. नवी मुलगी आली तेव्हा तिच्या छातीशी ऑफिसची फाइल होती आणि कपाळावर घाम. घरात कोण कोण आहे ते त्या मुलीला सांगून झाल्यावर नियमाप्रमाणे ती स्वतः घराबाहेर पडली आणि जिन्यात खालच्या पायरीवर जाऊन बसली.

थोड्याच वेळात वर दार वाजलं. चपलांचा आवाज झाला. नाना एक एक पायरी उतरत आले आणि तिच्या शेजारी बसले.

“झालं एवढ्यात?” तिच्या तोंडून निघालं.

“मला नाही विचारत. तिला विचारतायत.”

“आईंना?”

“ती मुलगी म्हणाली, घरातल्या मोठ्या माणसांपैकी ज्याचा वाढदिवस आता सगळ्यात जवळ येतोय, त्यालाच विचारायचं. मी म्हटलं, मासे मी धरतो. ती म्हणाली, आजोबा, तसा नियमच आहे.”

नियम तिने स्वतःच त्या मुलीला शिकवला होता. घरात जो पुढे पुढे करतो तोच बोलतो, आणि मग सगळ्या जगाचं मत म्हणजे पुढे पुढे करणाऱ्यांचं मत होतं. म्हणून वाढदिवस. या हिशेबात आपलंही घर बसतं, हे मात्र तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. तिने तर मनातल्या मनात नानांचं बोटही कार्डावर ठेवून टाकलं होतं.

नानांनी हळू आवाजात विचारलं, “तिचा वाढदिवस कधी असतो गं?”

“या शुक्रवारी, नाना.”

“दरवर्षी याच सुमारास?”

“दरवर्षी, नाना.”

“हं,” ते म्हणाले. उजवा हात गुडघ्यावर थरथरत होता. त्यांनी डावा त्याच्यावर ठेवला, तर दोन्ही थरथरू लागले. “ती काहीतरी भलतंच सांगून बसेल. मी इतकं नीट ठरवलं होतं.”

काय ठरवलं होतं, असं विचारणं तिच्या जिभेच्या टोकापर्यंत आलं. विचारणं हाच तिचा धंदा. दिवसभर परक्या माणसांना ती विचारत असे, आणि इथे शेजारी बसलेल्या आपल्या माणसाला एक साधा प्रश्न विचारणं नियमात बसत नव्हतं. तिने पिशवीतली पाण्याची बाटली काढून त्यांच्या हातात दिली आणि ते पीत असताना खालून बाटलीला आधार दिला.

वरून मुलीचा आवाज आला. दार बंद असूनही ऐकू येईल इतका मोठा. “आजी, आजोबांचं नाही. तुमचं मत!”

मग सासूबाईंचं काहीतरी बोलणं, मग हसणं.

“हसतायत,” नाना म्हणाले.

“हो.”

“हसून माणसं काहीही करतात.”

मुलगी खाली आली तेव्हा तिच्या हातात फाइल होती आणि चेहऱ्यावर नियमाबाहेरचं हसू. “ताई, आजींनी त्या एका प्रश्नाला किती वेळ घेतला! म्हणाल्या, पाचच चेहरे का छापलेत? यांत माझा नाही. मी म्हटलं, यांतलाच एक निवडावा लागतो. मग त्यांनी—”

“सांगू नकोस,” ती म्हणाली.

“नाही, नाही. नाही सांगत.” मुलगी जीभ चावून निघून गेली.

त्या संध्याकाळी घर जरा अवघडूनच जेवलं. नवऱ्याने एकदा प्रयत्न करून पाहिला. “काय आई, काढलंस का सवतीला घराबाहेर?”

“मत गुप्त असतं,” सासूबाई म्हणाल्या. “तुझ्या बायकोचाच नियम आहे.”

रोज जेवणानंतर नाना काठी खाली काढून फडक्याने पुसायचे. त्या दिवशी काठी खिळ्यांवरच राहिली.

*

सकाळी ती आवरून बाहेर आली तर नाना खुर्चीत बसलेले. पायात चपला नाहीत, शेजारी स्टूल नाही, टोपली नाही. तिला धक्क्यावरच्या उरलेल्या दोन-चार लोकांना गाठायचं होतं. नानांच्या रिकाम्या जागेसमोरून कार्ड घेऊन फिरायचं या कल्पनेनेच तिचा पाय उंबऱ्यात अडला.

“आज जायचं नाही, नाना?”

“बघू.”

आतून सासूबाई आल्या. त्यांच्या एका हातात पाखरांच्या दाण्यांचा डबा होता. दुसऱ्या हाताने त्यांनी, जणू रोजचंच काम असल्यासारखी, भिंतीवरची काठी खाली घेतली. आजवर त्यांनी त्या काठीला हात लावलेला तिने पाहिला नव्हता. झाडताना त्या तिच्याभोवतीची भिंत झाडायच्या.

“चला. मला तळ्यावर यायचंय.”

“तुला?” नाना म्हणाले.

“वाढदिवस आलाय माझा. सरकारी नोंद झाली आहे त्याची. काहीतरी मागावं म्हटलं.”

“आणि पाखरं?”

“तळ्यावर काय पाखरं नसतात?”

तिघं निघाली. पुढे काठी घेतलेल्या सासूबाई, मागे टोपली घेतलेले नाना, त्यांच्या मागे बगलेत स्टूल आणि हातात फाइल घेतलेली ती. कोपऱ्यावरचा पेपरवाला सायकल थांबवून बघत राहिला.

धक्क्यावर शिंपी तर उभाच राहिला. “वहिनी! आज सूर्य कुठून उगवला म्हणायचा?”

“तुमच्या दुकानामागून. केव्हाच वर आलाय. उघडा जा.”

मास्तरांनी एवढ्या जोरात हसून घेतलं की त्यांचा लागलेला मासा सुटला. पण दोघंही समजूतदार होते. थोड्या वेळाने शिंप्याला खरोखरच दुकान आठवलं आणि मास्तरांना घरचा नाष्टा. जाण्याआधी मास्तरांनी कार्ड मागून घेतलं, मधल्या चेहऱ्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, “मला दोन्ही बाजू पटतात हो. लिहा काय ते.”

धक्का रिकामा झाला. टोकाला नानांनी काठी हातात घेतली आणि हात थांबला. तिने पाहिलं की सासूबाईही तेच बघत होत्या. डबा मांडीवर धरून. दोरीला बांधलेलं पीस पाण्यावर उभं राहिलं, बुडालं. एक मासा. मग दुसरा. शिंपी खोटं बोलला नव्हता. टोपलीत माशांची फडफड ऐकून तिला अंगभर ओशाळल्यासारखं झालं. आपण काय गृहीत धरून बसलो होतो!

नानांनी दोरी गुंडाळून काठी फळीवर आडवी ठेवली. टोपलीतले मासे काढले आणि वाकून लव्हाळ्यातल्या एका सपाट दगडावर मांडले. मग मागे सरकून बसले.

“बोलायचं नाही,” ते म्हणाले.

लव्हाळं एका जागी हललं, मग जरा पुढे हललं. पाण्यातून एक चपटं, ओलं डोकं वर आलं. मिशांवरून पाणी निथळत होतं. पाणमांजर दगडावर चढलं तेव्हा ते मागचा एक पाय उचलूनच चालत होतं. पायाभोवती केस झडून एक गोल वण राहिला होता. त्याच्या पाठोपाठ दोन लहान तपकिरी गोळे एकमेकांना ढकलत वर आले.

“दोनच?” सासूबाई कुजबुजल्या. “तुम्ही तीन म्हणाला होतात.”

“तिसरं आळशी आहे. येईल.”

तिने सासूबाईंकडे पाहिलं. त्यांना मासे दगडावर ठेवल्याचं नवल वाटलं नव्हतं. पिल्लांचंही नाही. फक्त हिशेब जुळत नव्हता, तेवढंच.

“आई, तुम्हाला माहीत होतं?”

“तू ऑफिसला गेलीस की यांची कथा सुरू होते. आज एकाने डोकं वर काढलं, आज एकीने माझ्याकडे बघितलं. मी भाजी निवडते आणि ऐकते. तुम्हाला वाटतं, टोपली रिकामी येते. मी म्हटलं, वाटू दे.”

“कुणीतरी तुटकी दोरी पाण्यात टाकून दिली होती,” नाना म्हणाले. “तिच्या पायात अडकली. हिवाळ्यात. तिला धरवत नव्हतं काही. तिची तिनेच सोडवली शेवटी, चावून चावून.”

तिसरं पिल्लू आलं. नानांनी बोट वर केलं, बघा.

“नाना,” ती हळूच म्हणाली, “त्यांना असं खायला घालू नये. सवय लागते.”

“कुणाला, त्यांना का मला?” ते हसले. “पाय बरा होतोय तिचा. पिल्लं आता स्वतः बुड्या मारतात. मी हात आखडता घेतलाच आहे. ऑफिसात सांगशील?”

“विचारलं तर सांगेन.”

“सांग.” ते पाण्याकडे बघत राहिले. “मी त्या मुलीला म्हणणार होतो, बंद करा. सगळ्यांचंच बंद करा, माझ्यापासून. दोऱ्या टाकतात, डबे टाकतात, आरडाओरडा करतात. भाषण पाठ केलं होतं चांगलं. तर वाढदिवस निघाला हिचा.”

फाइल तिच्या मांडीवरून घसरली. तिने ती पकडली.

“ऐकलं मी ते भाषण,” सासूबाई म्हणाल्या. “रोज ऐकत होते. म्हणून तर उलटं सांगितलं.”

नानांनी वळून बघितलं.

“शेवटच्या चेहऱ्यावर बोट ठेवलं. अजिबात सहमत नाही. त्या पोरीला वाटलं, चुकून ठेवलं. तिने तीनदा विचारलं.”

“तू? सगळा जन्म तिला सवत म्हणालीस—”

“म्हणाले. अजूनही म्हणेन.” सासूबाईंनी डब्याचं झाकण उघडलं. “पण तुम्ही बोलून मोकळे झाला असतात. मग रोज सकाळी तुमचा हात कुणी धरला असता? मला जमत नाही. मी धरून पाहिलाय. माझ्या हातात तो थरथरतोच.”

फळ्यांखाली पाणी डुचमळत होतं. कठड्यावर दोन चिमण्या येऊन बसल्या होत्या आणि डब्याकडे बघत होत्या.

समोरून उन्हाची तिरीप आली. सासूबाईंना दगडावरचं नीट दिसेना. डोळ्यांवर हात धरायचा म्हणून त्यांनी चिमण्यांसाठी काढलेले मूठभर दाणे न बघताच, पूर्वीच्या सवयीने, शेजारच्या हातावर ओतले. “धरा जरा.”

नानांनी उजवा हात पुढे केला होता. तळवा उघडा. त्यांची नजर तिसऱ्या पिल्लावर होती. ते एकदाचं दगडावर चढलं होतं आणि माशाऐवजी आईच्या शेपटीलाच चावत होतं. काठी फळीवर आडवी पडली होती, त्यांच्यापासून हातभर लांब.

आधी तिच्या लक्षात आलं. मग तिला दिसलं की सासूबाईंचा डोळ्यांवरचा हातही हळूहळू खाली येतोय. दोघीही त्या तळव्याकडे बघत राहिल्या. दाण्यांची रास जशी ओतली तशीच होती. एका चिमणीने धीर केला, बोटावर उतरली, एक दाणा उचलून गेली. नानांना पत्ताही नव्हता.

एकही दाणा खाली पडला नव्हता.

पलीकडे मोठं पाणमांजर मासा तोंडात धरून पाण्यात शिरलं. पाण्यावर वर्तुळं उमटली आणि मोठी होत धक्क्यापर्यंत आली.

“काय गं,” सासूबाई म्हणाल्या. आवाज नेहमीचाच होता, फक्त जरा बारीक. “दिलेलं उत्तर बदलता येतं का?”

“नाही, आई. एकदा नोंदलं की नोंदलं.” हे वाक्यही पाठचंच होतं. पण ते म्हणताना आपला चेहरा कसा झाला होता, ते तिला कळलं नाही. सासूबाईंना मात्र दिसलं असावं. त्यांनी तिच्या गालाला बोट लावलं आणि मग नानांच्या बाजूला सरकल्या.

“असू दे मग. सरका हो जरा तिकडे. मला दिसत नाही.”

नाना सरकले. तळवा तसाच उघडा ठेवून.